अ‍ॅक्रिंग्टनला शनिवारी: इंग्लंडच्या छोट्या फुटबॉल मैदानावर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मँचेस्टरला नवीन आलेलं आपलं माणूस पहिल्या महिन्यात एकदा तरी विचारतंच, "ओल्ड ट्रॅफर्डचं तिकीट कसं मिळेल हो?" मिळतं. मँचेस्टर युनायटेडची मेंबरशिप घ्या, नशीब अजमावा, नाहीतर जेवणासकटचं महागडं पॅकेज घ्या आणि वर कुठंतरी बसून मुंगीएवढे खेळाडू बघा. मी हल्ली त्यांनाच उलट विचारते, "शनिवारी मोकळे आहात का? अ‍ॅक्रिंग्टनला येता?" हे गावाचं नाव आहे की खोकल्याच्या औषधाचं, इथूनच बहुतेकांची सुरुवात असते.

जे "येतो" म्हणतात त्यांच्यासाठी हे लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगते. सामना दीड तासाचा असला तरी दिवस सहा तासांचा धरा. तीनला पोचून पावणेपाचला निघणार असाल तर टीव्हीवर दुसरं काहीतरी बघा, पैसे वाचतील.

आधी थोडी ओळख. इंग्लंडचा व्यावसायिक फुटबॉल म्हणजे चार मजली चाळ. वरच्या मजल्यावर प्रीमियर लीग, २० क्लब. खाली चॅम्पियनशिप, त्याखाली लीग वन, त्याखाली लीग टू, प्रत्येक मजल्यावर २४ बिऱ्हाडं. एकूण ९२. नावांनी फसू नका, 'लीग वन' म्हणजे तिसरा मजला. त्याच्याही खाली नॅशनल लीग आणि मग थेट गावच्या मैदानांपर्यंत उतरत जाणाऱ्या पायऱ्या. दर वर्षी काहीजण वर चढतात, काहीजण खाली येतात, आणि गावाच्या गावं त्या हिशोबात वर्षभर जीव टांगून बसतात.

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की पेठेत दुसरा विषय नसतो, हे बघत वाढले. त्यामुळे इथं आल्यावर मला ओळखीचं वाटलं ते खालच्या दोन मजल्यांवर. गोलकीपरचा काका कोणत्या गल्लीत राहतो हे प्रेक्षकांना ठाऊक असतं, तिथला फुटबॉल.

मैदान कोणतं?

नियम सोपा: घरापासून ट्रेननं दीड तासाच्या आत, आणि शक्यतो जिथं अजून उभं राहून सामना बघता येतो असं. हा 'टेरेस' शब्द नीट समजून घ्या. आपल्याकडे टेरेस म्हणजे गच्ची. इथं टेरेस म्हणजे काँक्रीटच्या बुटक्या, रुंद पायऱ्या. त्यांवर खुर्च्या नसतात, मध्ये मध्ये कमरेच्या उंचीचे लोखंडी कठडे असतात. एके काळी सगळ्याच मैदानांवर असे टेरेस होते. १९८९ साली शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली, तिचे बळी ९७. पुढच्या वर्षी आलेल्या तिच्या चौकशीच्या टेलर अहवालानंतर वरच्या दोन मजल्यांना खुर्च्या सक्तीच्या झाल्या. खालच्या दोन मजल्यांना टेरेस ठेवायची मुभा राहिली, म्हणून तो जुना अनुभव आज तिथंच उरलाय. अलीकडे वरच्या मैदानांवरही कठडे लावून उभं राहायची परवानगी मिळू लागली आहे, पण ती वेगळी गोष्ट.

कुठं राहता त्यावर निवड ठरेल. दक्षिण-पश्चिमेला असाल तर एक्सेटर. तिथं गोलमागचा 'बिग बँक' म्हणजे या लीगमधल्या मोठ्यात मोठ्या टेरेसपैकी एक. लंडनच्या उत्तरेला असाल तर लूटनचं केनिलवर्थ रोड बघून घ्या. तिथं पाहुण्यांचं प्रवेशद्वार चक्क घरांच्या रांगेच्या पोटातून आहे, आणि जिना चढताना लोकांची परसदारं, वाळत घातलेले कपडे दिसतात. क्लब नव्या मैदानाच्या तयारीत आहे, तेव्हा उशीर करू नका. पूर्व किनाऱ्यावर ग्रिम्सबी. हा क्लब नावानं ग्रिम्सबीचा, पण मैदान शेजारच्या क्लीथॉर्प्स गावात, म्हणजे घरचा सामनासुद्धा दुसऱ्याच्या गावात. मासेमारीचं बंदर, त्यामुळे प्रेक्षक हवा भरलेले रबरी हॅडक मासे घेऊन येतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये याच मैदानावर लीग कप या चारही मजल्यांच्या स्पर्धेत त्यांनी मँचेस्टर युनायटेडला पेनल्टींवर १२-११ असं हरवलं. त्या रात्री माझ्या ऑफिसातल्या युनायटेडवाल्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मी बघितलंच, ते सोडा.

माझं मैदान मात्र अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्लीचं, क्राऊन ग्राउंड. प्रायोजकांप्रमाणे पाटीवरचं नाव बदलतं, लोक म्हणतात ते बदलत नाही. जेमतेम साडेपाच हजारांची जागा, त्यात बहुधा दोन-तीन हजार माणसं.

या क्लबची गोष्ट थोडक्यात कळून असू द्या, टेरेसवर उपयोगी पडते. १८८८ साली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा १२ संस्थापक क्लबांत अ‍ॅक्रिंग्टन नावाचा एक होता. तो वेगळा, लवकरच बुडाला. स्टॅन्ली त्यानंतरचा, १९२१ ला लीगमध्ये आला आणि १९६२ ला कर्जापायी हंगामाच्या मध्यात बाहेर पडला. त्याची जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली. १९६८ ला गावानं क्लब नव्यानं उभा केला आणि अगदी तळातून चढायला सुरुवात केली. २००६ ला स्टॅन्ली लीगमध्ये परतला, आणि त्याच वर्षी खाली घसरलेल्यांत कोण होतं? ऑक्सफर्ड युनायटेड. हे सांगताना तिथली म्हातारी मंडळी अजूनही हळूच डोळा मारतात. मधल्या काळात, १९८९ च्या सुमाराला, दुधाच्या एका जाहिरातीत एक पोरगा "अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली? हू आर दे?" असं विचारतो. देशभर या क्लबचं नाव माहीत असतं ते या एका टोमण्यामुळे. तुम्ही तो तिथं जाऊन म्हणू नका. त्यांनी तो हजारदा ऐकलाय.

तारीख आणि वेळ

हंगाम ऑगस्ट ते मे. पहिल्या खेपेला सप्टेंबर किंवा एप्रिल निवडा. जानेवारीत शूरपणा करायला पुढं आयुष्य आहे.

सामना शनिवारी दुपारी तीनला. ही तीनची वेळ कापड गिरण्यांमुळे आली. १८५० च्या फॅक्टरी कायद्यानं शनिवारी दुपारी दोनला गिरण्यांतलं काम थांबायला लागलं. मजुराच्या हातात पहिल्यांदा मोकळी दुपार आली, आणि दोनला सुटलेला माणूस तीनला मैदानावर पोचू शकत होता. गिरण्या कधीच गेल्या, वेळ राहिली. ती टिकावी म्हणून शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात इथं टीव्हीवर थेट सामना दाखवत नाहीत. त्यामुळे तीनचा सामना बघायचा तर अंगानं जायलाच हवं.

तरीही वेळ क्लबच्या वेबसाइटवर तपासा. टीव्हीसाठी काही सामने साडेबाराला किंवा दुसऱ्या दिवशी ढकलतात. एफए कप या दुसऱ्या स्पर्धेची फेरी आली किंवा राष्ट्रीय संघांनी खेळाडू नेले की लीगचा सामना उचलून एखाद्या मंगळवारी रात्री टाकतात. आणि थंडीत सकाळी पुन्हा बघा. पंच सकाळी येऊन मैदान तपासतो आणि माती गोठलेली किंवा चिखल झालेली असेल तर सामना रद्द. मी एकदा फोन न बघता निघाले आणि अ‍ॅक्रिंग्टन स्टेशनात उतरल्यावर ते कळलं. परतीच्या गाडीला पाऊण तास होता. तो मी स्टेशनाबाहेरच्या एका दुकानात समोसा खात काढला. समोसा बरा होता, पण त्यासाठी एवढं लांब जायची गरज नव्हती.

तिकीट

क्लबच्या वेबसाइटवर आठवडाभर आधी सहज मिळतं. लीग टूमध्ये मोठ्या माणसाला साधारण २० ते २५ पौंड, मुलांना बरंच कमी. बऱ्याच क्लबांत दारावरही मिळतं, पण कित्येक ठिकाणी आता रोख घेत नाहीत, कार्ड जवळ हवं.

वेबसाइट दोन प्रश्न विचारेल. पहिला, होम की अवे. यजमानांचे प्रेक्षक आणि पाहुण्यांचे प्रेक्षक वेगळे बसवतात, दारंही वेगळी. तुम्ही होमचंच घ्या. अवेच्या भागात त्या गावाहून बसनं आलेले कट्टर लोक असतात, तिथं "मी सहज बघायला आलोय" चालत नाही. आणि होमच्या भागात पाहुण्यांच्या रंगाचा शर्ट घालू नका. अ‍ॅक्रिंग्टन लाल, म्हणून लाल मफलर घाला किंवा सरळ काळं-करडं घाला. दुसरा प्रश्न, बसून की उभं. गुडघे ठीक असतील तर उभं. अ‍ॅक्रिंग्टनला ते म्हणजे गोलमागचा क्लेटन एंड.

एवढ्या पैशात सिनेमा आणि पॉपकॉर्न होईल, असं एका मित्रानं मला ऐकवलं होतं. खरं आहे. पण या मजल्यावरच्या क्लबांना टीव्हीचा पैसा वरच्यांच्या मानानं चिल्लर मिळतो, दारावरची रक्कम खरोखर मोजली जाते. बरी नावाचं गाव मँचेस्टरच्या शेजारी आहे, ट्रामनं जाता येतं. तिथला क्लब १८८५ पासून गिग लेन मैदानावर खेळत होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आर्थिक घोळापायी त्याला लीगमधून काढून टाकलं. पुढं चाहत्यांनीच धडपड करून गिग लेनवर पुन्हा फुटबॉल आणला, पण कितीतरी मजले खाली. मी एकदा त्या बंद फाटकासमोरून गेले होते. जाळीला मफलर बांधलेले होते, पावसानं रंग उडालेले. तेव्हापासून तिकिटाच्या किमतीवर मी घासाघीस करत नाही.

अंगावर काय घालायचं

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा एक थर जास्त. थंडी वरून येते असा आपला समज, प्रत्यक्षात ती पायातून येते. काँक्रीट दोन तास तळव्यातली ऊब ओढत राहतं. माझ्या नेहमीच्या जागेशेजारी एक आजोबा उभे असतात. ते कोटाच्या आत घडी घातलेला पुठ्ठा घेऊन येतात, बहुधा कसल्यातरी खोक्याचा. कठड्यापाशी आले की पुठ्ठा पायरीवर पसरतात, बुटाच्या टोकानं कोपरे नीट करतात आणि मग त्यावर असे उभे राहतात जसं कुणी देवघरापुढं आसन घालून बसावं. पहिल्या वर्षी मला हसू आलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी माझ्यासाठी अर्धा फाडून दिला. आता मी माझा घरून नेते.

लोकरी मोजे, टोपी, पाणी न शिरणारं जाकीट. छत्री नको, मागच्याला दिसत नाही आणि दारावर अडवतात. मोठी पाठपिशवीही नको.

वाट

मँचेस्टर व्हिक्टोरियाहून रॉचडेल, टॉडमॉर्डन, बर्नलीमार्गे अ‍ॅक्रिंग्टनला थेट गाडी आहे, साधारण तासाला एक, प्रवास तासाभराचा. प्रेस्टनकडूनही येता येतं. जोडीनं जाणार असाल तर रेलकार्ड काढा, भाडं एक तृतीयांशानं कमी होतं. बाराच्या आसपास पोचेल अशी गाडी धरा.

खिडकीशी बसा. टेकड्या, दगडी घरांच्या रांगा, मधूनच एखादी गिरणीची चिमणी. या भागाचं आणि आपलं नातं कापसाचं. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि तिकडचा कापूस थांबला, तेव्हा इथल्या गिरण्या आपल्याकडच्या कापसावर तगवायची धडपड झाली आणि मुंबईत पैशाचा पूर आला. इथल्या विणकरांना मात्र तो कापूस आवडायचा नाही. आखूड धाग्याचा, सारखा तुटायचा. गाडी रॉचडेलला थांबली की मला आणखी एक आठवण होते. दत्तू फडकर कोल्हापुरात जन्मलेले, आणि याच भागात, नेल्सन आणि रॉचडेलकडून लीग क्रिकेट खेळलेले. आमच्या गावचा माणूस इथल्या पावसात आधीच भिजून गेलाय म्हटलं की बरं वाटतं.

स्टेशनातून बाहेर पडल्यावर नकाशा फार बघायला लागत नाही. लाल मफलरवाल्यांच्या मागं चालायचं. व्हॉली (Whalley) रोडनं चढ, वीस-पंचवीस मिनिटं. वाटेत लांबून फ्लडलाइटचे खांब दिसले की समजावं आलं. अनोळखी माणूस "ऑलराइट?" म्हणेल. हा प्रश्न नाही, तब्येतीची हकिगत सांगत बसू नका. तुम्हीही "ऑलराइट" म्हणा आणि पुढं चला. बायकांना, आणि पुष्कळदा पुरुषांनाही, 'लव्ह' म्हणतात, त्यात काही नसतं.

मैदानाजवळच क्राऊन नावाचा पब आहे. पीत नसलात तरी आसपास अर्धा तास रेंगाळा. तिथंच कळतं की डावा बॅक जखमी आहे, मॅनेजरचं डोकं ठिकाणावर नाही आणि मागच्या शनिवारी पंचानं लूट केली. कुणाशी बोलायचं झालं तर एकच वाक्य पुरतं: "पहिल्यांदाच आलोय." पुढचं सगळं समोरचा माणूस बोलतो.

दारातून आत

टर्नस्टाइल ही वस्तू बघण्यासारखी असते. विटांच्या भिंतीत एक अरुंद फट आणि त्यात कमरेएवढ्या उंचीचं फिरतं लोखंडी दांडकं. नव्या मैदानांवर यंत्र तिकीट वाचतं आणि हिरवा दिवा लागतो. जुन्या ठिकाणी फटीच्या बाजूला कोंदट खिडकी, आत एक माणूस बसलेला. तो पायानं खटका दाबतो, दांडकं एक घर सरकतं, खड्ड्क असा आवाज होतो आणि तुम्ही आत. जाड जाकिटात अडकायला होतं. कडेनं, आडवं होऊन शिरा. पिशवी पोटाशी धरा.

त्याआधी स्टेवर्ड, म्हणजे पिवळ्या-केशरी जाकिटातला माणूस, पिशवी बघेल, अंग चाचपेल. बायकांना बाई तपासते. सिगारेट, व्हेपिंग आत कुठंच नाही. इथल्या लोकांना त्याचं कारण सांगावं लागत नाही. १९८५ च्या ११ मेला ब्रॅडफर्डच्या मैदानावर जुन्या लाकडी स्टँडखालच्या कचऱ्यानं पेट घेतला, ५६ माणसं गेली. ब्रॅडफर्ड इथून टेकड्यांपलीकडेच. म्हणून स्टेवर्डनं "जिन्यात उभं राहू नका" म्हटलं की हुज्जत न घालता सरकायचं.

आत शिरल्यावर कार्यक्रमपत्रिका मिळत असेल तर घ्या. 'प्रोग्रॅम' म्हणतात. २०१८ पासून क्लबांवर ती छापायची सक्ती राहिलेली नाही, काहींनी बंदही केली. दोन्ही संघांची नावं मागच्या पानावर असतात, नवख्याला तेवढाच आधार. शिवाय मॅनेजरचं मनोगत असतं. हरल्यानंतरचं मनोगत कसं लिहावं याचा तो एक वेगळाच साहित्यप्रकार आहे.

पाय, पण मटणाचे नव्हेत

"पाय घेणार?" असं कुणी विचारलं तर दचकू नका. इथला 'पाय' म्हणजे तळहातावर मावेल एवढी भाजलेली गोल कचोरी म्हणा हवं तर, आत रस्सा किंवा सारण. लँकेशायर हा तिचा मुलूख. या भागातल्या कित्येक मैदानांवर मिळणाऱ्या हॉलंड्सच्या पाय अ‍ॅक्रिंग्टनजवळच्या बॅक्सेंडनला बनतात, म्हणजे इथं त्या घरच्याच.

आपल्या लोकांनी इथं लक्ष द्या. 'मीट अँड पोटॅटो' यातलं मीट बहुधा गाईचं. 'स्टेक' म्हणजे नक्कीच गाईचं. 'चिकन बाल्टी' मिळाली तर आपल्या जिभेला जवळची, गरम मसाल्याची आठवण करून देणारी. शाकाहारी असाल तर 'चीज अँड अनियन'. प्रेस्टनकडे 'बटर पाय' मिळते. तिच्यात बटाटा आणि कांदा, शुक्रवारी मांस न खाणाऱ्या कॅथलिकांची सोय. कडक शाकाहारी असाल तर आवरणात चरबी आहे का हे विचारा, कुणी रागावत नाही. आणि अगदीच निर्धास्त खायचं असेल तर फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स या क्लबाच्या मैदानावर जा. ते ग्लॉस्टरशरमध्ये आहे आणि तिथं सगळंच व्हीगन मिळतं.

दुसरा सापळा बोव्हरिलचा. थंडीत शेजारचा माणूस कपातून काहीतरी काळंभोर, वाफाळतं पीत असतो. कडक कॉफी वाटते. ती नाही. तो गाईच्या मांसाच्या अर्काचा खारट काढा. आमच्या ग्रुपमधल्या एकानं एक घोट घेऊन झाल्यावर मला विचारलं, आणि पुढचा अर्धा तास तो कुणाशी बोलला नाही. चहा मागा. चहा जवळजवळ सगळीकडे मिळतो आणि जवळजवळ सगळीकडे वाईट असतो.

पाय खाताना घाई नको. आतला रस्सा लाव्हा असतो. आधी कडेला लहान भोक पाडा, वाफ जाऊ द्या, मग खा. पहिल्या खेपेला सगळ्यांचीच जीभ पोळते.

बिअर मिळते, पण मैदान दिसत असताना प्यायची नाही, १९८५ चा कायदा आहे. म्हणून लोक स्टँडच्या पोटात, भिंतीकडे तोंड करून ग्लास संपवताना दिसतात. सहाव्या-सातव्या पायरीवरच्या गावच्या मैदानांना हा कायदा लागू नाही, तिथं हातात ग्लास घेऊन रेषेपाशी उभं राहता येतं. तेही एकदा करून बघा.

टेरेसवर

अडीचलाच जागा धरा. गोलच्या बरोबर मागं जाळी आणि गाणारी पोरं, तिथं सगळी धमाल पण दिसत कमी. थोडं बाजूला, मध्यापासून एक-दोन पायऱ्या वर, आणि पुढं एखादा लोखंडी कठडा येईल असं उभं राहा. कठड्यावर कोपरं टेकली की दोन तास सुखात जातात. उंच माणसानं स्वतःहून मागं जावं. लहान मुलांना अगदी पुढं, भिंतीपाशी सोडतात, आणि आजूबाजूचे अनोळखी लोकही त्यांच्यावर नजर ठेवतात.

सराव चालू असताना गोलमागं उभं राहून फोन बघू नका. खेळाडू शूटिंगचा सराव करत असतात आणि निम्मे चेंडू प्रेक्षकांत येतात. माझ्या हातातला चहा असाच गेलाय. चेंडू आला तर परत फेका, घरी नेऊ नका. मैदानात पाऊल टाकू नका, गोल झाला तरी. तो गुन्हा आहे.

आता ज्यासाठी एवढं आलो ते. मोठ्या मैदानावर फुटबॉल दिसतो, इथं तो ऐकू येतो. चेंडूला पाय लागल्याचा ठप्प आवाज, नडगीवर नडगी आपटल्याचा त्याहून कोरडा आवाज. गोलकीपर सतत बोलत असतो, "अवे! अवे!" म्हणजे चेंडू दूर फेका. "मॅन ऑन!" म्हणजे मागून कुणीतरी येतंय, "टाइम!" म्हणजे घाई नको, मोकळा आहेस. हे तीन शब्द कळले की खेळ कळायला लागतो. एकदा कॉर्नर घ्यायला आलेला पाहुण्यांचा खेळाडू माझ्यापासून चार हातांवर उभा होता. आमच्याकडच्या कुणीतरी त्याच्या केशरचनेवर काहीतरी म्हटलं. त्यानं चेंडू ठेवता ठेवता मागं बघितलं, स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हसला. मग कॉर्नर सरळ बाहेर मारला. त्या दोन सेकंदांसाठी मी अजून तिकीट काढते.

ओरडायचं काय? "ऑन, स्टॅन्ली, ऑन!" एवढं पाठ केलंत तरी पुरे, ढोलाचा ठेका मिळाला की आपोआप जमतं. आपल्याला ढोल शिकवायला नको. "हू आर या?" हे पाहुण्यांसाठी. पंचाचा निर्णय विरुद्ध गेला की सगळा स्टँड एका सुरात सांगतो, तुला काय करतोयस ते कळत नाहीये. शिव्या भरपूर, त्या कानाआड करायची सवय ठेवा. मुलं बरोबर असतील तर बसायच्या स्टँडचं, फॅमिली भागाचं तिकीट काढा, तिथं जरा बेतानं असतं.

एक अवघड गोष्ट टाळून पुढं जाणार नाही. आपण तिथं बहुधा गर्दीतले मोजके सावळे चेहरे असतो. माझ्या इतक्या वर्षांत बहुतेक वेळा वाट्याला आलाय तो आपलेपणा, पण एका मैदानावर, नाव घेत नाही, मागून रंगावरून एक वाक्य आलं होतं. मी काही बोलायच्या आतच माझ्या पुढच्या बाईनं वळून त्या माणसाला धरलं आणि स्टेवर्डला हाक मारली. तो माणूस उरलेला सामना बघू शकला नाही. वंशद्वेषी घोषणा देणं हा कायद्यानं गुन्हा आहे. असं घडलं तर गिळून बसू नका, जवळच्या स्टेवर्डला जागा आणि कपड्यांचा रंग सांगा. एकटीनं जायला मी घाबरत नाही आणि तुम्हीही घाबरू नका.

मध्यंतर आणि नंतर

मध्यंतर पंधरा मिनिटांचं. चहाच्या रांगेत ते अख्खं जातं, म्हणून मुरलेली माणसं चाळिसाव्या मिनिटाला सटकतात. मला ते जमत नाही, गोल नेमका तेव्हाच होतो. मध्यंतरात लॉटरीचा नंबर पुकारतात. दारात पौंड-दोन पौंडांचं तिकीट घेतलं असेल तर चिठ्ठी काढून बघा. बाकीच्या मैदानांवरचे स्कोअर सांगतात. तिथं शून्याला 'झीरो' म्हणत नाहीत, 'निल' म्हणतात. "टू-झीरो" म्हणालात की पाहुणे म्हणून ओळखू आलात.

पंच शिट्टी मारतो ते पाच वाजायच्या थोडं आधी किंवा पाचला. लगेच पळू नका. खेळाडू टाळ्या वाजवत टेरेसकडे येतात. जिंकले तर गोलकीपर ग्लोव्हज एखाद्या पोराला देतो. हरले तरी येतात, आणि लोक काय बोलतात ते मान खाली घालून ऐकतात. ते बघण्यासारखं असतं.

मग उतार, स्टेशन. पाचला बीबीसी रेडिओवर देशभरचे निकाल लागतात. १९४८ पासूनचा कार्यक्रम आहे तो. फलाटावर कुणाच्या तरी फोनवर चालू असतोच, शेजारी जाऊन उभे राहा. लीगच्या तक्त्यात आपण आता कितवे, यावर दोन अनोळखी माणसं तुमचं मत विचारतील. आकडा माहीत नसेल तर "अजून पुष्कळ सामने आहेत" म्हणा. मार्चपर्यंत हे उत्तर चालतं.

मागच्या खेपेला निघताना आजोबांनी पुठ्ठ्याची घडी घातली आणि विचारलं, "मंगळवारी?" मी हो म्हणून बसले. मंगळवारचा सामना रात्री पावणेआठला सुरू होतो, संपायला पावणेदहा होतात, आणि चालत स्टेशन गाठायला वीस मिनिटं. तेव्हा रात्रीचा सामना ठरवण्याआधी परतीची शेवटची गाडी कितीची आहे ते बघा. मी बघितलं नव्हतं.